वचन कशाच्या आश्रयाने राहते?

थोर तत्त्वचिंतकाचा देह पडल्यावर त्याचा विचार कशाच्या आश्रयाने राहतो, अशी शंका जिज्ञासू घेतात. पाषाणाच्या आश्रयाने, असे कोणी म्हणेल. मुंबई उपनगरातील उपासकांस या उत्तराची परीक्षा करण्यास दूर जावे लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, डोंगरावर, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. प्राचीन लेखांतील कृष्णगिरी तो हाच. येथे सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षूंचा निवास होता. कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापाऱ्यांनी व गृहस्थांनी लेणी आणि पाण्याच्या पोढी खोदवून दिल्या. दात्यांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत. नवव्या शतकातील एका शिलाहारकालीन लेखात तर भिक्षूंच्या वस्त्रांबरोबर ग्रंथांसाठीही द्रव्य ठेवल्याचा उल्लेख येतो.

ते ग्रंथ आज तेथे नाहीत. भिक्षुसंघच उठून गेल्यावर पाषाण काय बोलणार? रुमालात बांधून पूजिलेल्या, परंतु कधी न सोडलेल्या पोथीची गतीही याहून निराळी नाही. बुद्धवचन टिकले ते अन्यत्र. सिंहलद्वीपात ते मुखोद्गत राखले गेले, मग लिहिले गेले. गोमंतकातील धर्मानंद कोसंबी १९०२ साली त्याच्या अध्ययनार्थ तेथे गेले व पुढे त्यांनी ते मराठीत मांडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा ते वचन महाराष्ट्रात पुन्हा घरोघरी आले.

सर्वज्ञ श्रीचक्रधर हे परमेश्वरावतार. त्यांस चिंतकांच्या पंक्तीत बसविणे परमार्गास मान्य नाही. परंतु वचन राखण्याचे काम येथेही मनुष्यांनाच करावे लागले. स्वामींनी स्वहस्ते ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांस विचारून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्या गावी जाऊन लीळा मिळविल्या. केशिराजबासांनी त्यांतून सूत्रे निवडली. परचक्रात मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यास जे स्मरत होते त्यावरून लीळाचरित्र पुन्हा सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. आज दिसणारे कित्येक पाठभेद त्या स्मरणाचेच आहेत. त्यांचा संकोच मानण्याचे कारण नाही.

सकळ लिपीची गोष्ट मात्र दुहेरी आहे. तिने पोथ्या शतकानुशतके रक्षिल्या, आणि त्याच तिने मराठी वाचकांपासून त्या दूरही ठेवल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे पंथाबाहेरील अभ्यासकांस हे वाङ्मय वाचता येऊ लागले.