प्रकाशसंकेत आणि नाट्यसंहिता

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात लीला बेणारेच्या दीर्घ स्वगताच्या वेळी इतर पात्रे निश्चल होतात. प्रकाशचालकाच्या दृष्टीने हा एक ‘क्यू’ होय: क्रमांक, दिव्यांची तीव्रता आणि बदलाचा कालावधी यांची नोंद. ईऑस पद्धतीच्या संगणकीय प्रकाशपटावर ‘गो’ ही कळ पुढील क्यू सुरू करते. ‘स्टॉप-बॅक’ने चालू बदल थांबतो, ती पुन्हा दाबल्यास मागील क्यू येतो. या कळा अंकफलकापासून निराळ्या असतात, कारण चालकाची नजर रंगमंचावर असावी लागते. कालावधी यंत्र मोजते. क्षण मात्र नटीचा श्वास ओळखून चालकच निवडतो. हेच नाटक मारतहळ्ळीनजीकच्या व्हाइटफील्ड येथील ‘जागृती’ नाट्यगृहात (२०११) नेल्यास तीव्रता नव्याने ठरवावी लागेल; क्षण तोच राहील. छापील संहितेत तो उरत नाही. म्हणून क्यूंची वही हाही संहितेचा एक पाठ मानून अभ्यासकांनी जपावयास हवा.