औषध फुकट, बाकीचं बिल कोणाचं?

क्लिनिकल ट्रायलचं औषध फुकट मिळतं हे खरंच. पण पेशंट काही नुसत्या त्या औषधावर नसतो. आमच्या वहिनींना नव्या औषधासोबत नेहमीची केमोही चालू होती. ट्रायल नसती तरी ती घ्यावी लागलीच असती. बिल विमा कंपनीचे क्लेम तपासणाऱ्या टीपीएकडे गेलं आणि कॅशलेस अख्खंच नाकारलं गेलं. डिस्चार्ज कार्डावर ‘स्टडी ड्रग दिले’ एवढी एक ओळ होती, ती पुरली.

‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट’चा खर्च मेडिक्लेममध्ये बसत नाही. विमा नियामकाने 2019 मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी वगळणुकीची कलमं ठरवली, त्यातलं हे 16वं. पण ट्रायलचं औषध दिलं म्हणून नेहमीची केमो, बेड, सीबीसी अप्रमाणित कसे होतात? आम्ही बिल फोडून मागितलं: ट्रायलचं वेगळं, नेहमीच्या उपचाराचं वेगळं. डॉक्टरांकडून पत्र घेतलं, की ही केमो ट्रायलबाहेरही दिलीच असती. त्या कागदांवर केमोचा क्लेम मंजूर झाला. नसता झाला, तर कंपनीच्या तक्रार विभागानंतर विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबई-पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

ही धावपळ सही करण्याआधीच वाचवता येते. संमतीपत्रात पेशंटवर पडणाऱ्या खर्चाचा उल्लेख असायला हवा. ‘सगळं बघून घेऊ’ असं कोऑर्डिनेटर प्रेमाने म्हणतात. तरी जादा स्कॅन कोणाकडे, ट्रायलसाठीच अ‍ॅडमिट केलं तर बेड कोणाकडे, हे लिहून घ्या. कागद मराठीत मागा आणि सही केलेली प्रत घरी न्या, ती तुमच्या हक्काची आहे.

त्रास झाला तर मात्र मेडिक्लेमचं कार्ड पुढे करण्याची घाई नको. बिलिंग काउंटरवर पहिला प्रश्न तोच येतो, ‘मेडिक्लेम आहे ना?’ 2019 च्या क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार ट्रायलदरम्यान इजा झाली, तर उपचार मोफत मिळायला हवेत. त्रास ट्रायलमुळे नाही असं सिद्ध होईपर्यंत तरी. ट्रायलमुळेच इजा झाल्याचं ठरलं, तर नुकसानभरपाई वेगळी, तीही ट्रायल करवणाऱ्या स्पॉन्सरने द्यायची. तोच खर्च मेडिक्लेमवर टाकला, तर वर्षाची विमा रक्कम त्यातच संपते आणि पुढच्या केमोला खिशात हात घालावा लागतो. काउंटरवाले ऐकत नसतील तर एथिक्स कमिटीला फोन लावा. नंबर संमतीपत्रातच असतो.