शिवडीच्या चिखलातली बिळे

भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी शिवडीला खेकड्यांची बिळे पाहायला जाणार म्हटल्यावर आजीने लालबागच्या आमच्या खोलीतून हाक मारली, "येताना चार कुर्ल्यो घेवन ये गो!" पण जेट्टीजवळच्या तिवरांखाली भेटले ते रश्शाच्या कामाचे नव्हेत. जेमतेम रुपयाएवढे अंग आणि नराची एकच नांगी अवाढव्य. इंग्रजीत यांना फिडलर, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, म्हणतात. ती नांगी मादीला खुणावण्यासाठी व दुसऱ्या नराशी झुंजण्यासाठी. खायचे ते लहान नांगीने. चिखलातले सूक्ष्म शेवाळ चाळून घ्यायचे आणि उरलेल्या चिखलाच्या गोळ्या बाहेर टाकायच्या.

बीळ आतून कसे असेल? लालबागेत प्लॅस्टर ऑफ पॅरिसला तोटा नाही. मूर्तीच्या कारखान्यातून थोडे मागून आणले, पातळ कालवले आणि एका रिकाम्या बिळात ओतले. (रिकामे होते असे सरांना सांगितले, खरे तर अर्धा तास कोणी बाहेर आले नाही, एवढेच.) घट्ट झाल्यावर खणून काढले, तर वीतभर लांबीची, खाली वळलेली काठी निघाली. तळाशी पाणी होते. खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि कल्ले ओले राहावे लागतात, म्हणून तो ओल लागेपर्यंत खणतो. भरती येताना हेच फिडलर चिखलाचे बूच लावून आत थोडी हवा कोंडून बसतात.

परंतु मला नवल वाटले ते काठीला चिकटलेल्या चिखलाचे. भोवतालचा चिखल काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा, कारण त्यात प्राणवायू नाही. बिळाच्या भिंतीचा थर मात्र तांबूस होता. बिळातून हवा पोचते आणि मातीतले लोह गंजते, त्याचा हा रंग. तिवर याच प्राणवायूसाठी पेन्सिलीसारखी मुळे वर काढते. खेकडा तिच्या पायाशी जणू नांगरट करतो! दुसऱ्या जातीचे खेकडे गळलेली पाने बिळात ओढून नेतात. एरवी ती ओहोटीबरोबर वाहून गेली असती.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर तिवरे तोडण्यास आणि तेथे राडारोडा टाकण्यास मनाई केली. तरीही परतताना एके ठिकाणी विटांचा चुरा पसरलेला दिसला. झाडे उभी होती, पाने हिरवी होती. मी वाकून बराच वेळ शोधले. दहा पावलांवर मोजणी चुकावी इतकी बिळे होती; येथे एकही नव्हते.