पायाळू बाळ : शेवटच्या महिन्यातील निर्णय

वार्षिक अहवालात आकडेवारी आणि ताळेबंद यांच्याबरोबर एखादा आरोग्यविषयक लेख देण्याचा प्रघात आहे. यंदा ही जबाबदारी प्रसूती विभागाकडे आली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. नवव्या महिन्यातील सोनोग्राफीच्या कागदावर ‘ब्रीच’ हा शब्द वाचून अनेक कुटुंबे चिंतेत पडतात आणि ‘आता सिझेरियनच ना?’ असे विचारीत तपासणीच्या खोलीत येतात. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते का देता येत नाही, हे येथे सांगण्याचा प्रयत्न आहे.

ज्या बाळाचे डोके वर आणि कुल्ले किंवा पाय खाली असतात, त्याला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेतील चमक जाते, त्याला गुप्तधन दिसते, वीज कडाडत असताना त्याने बाहेर जाऊ नये, अशा समजुती वाचकांपैकी अनेकांनी ऐकल्या असतील. त्यांना शास्त्रीय आधार नाही. मात्र अशा जन्मातून वाचलेल्या बाळाकडे लोक नवलाने पाहत असत, एवढे त्यांतून कळते. जी बाळे वाचली नाहीत, त्यांच्याविषयी समजुती तयार झाल्या नाहीत.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात सुमारे चौथा हिस्सा बाळे पायाळू स्थितीत असतात. तेव्हा गर्भजल पुरेसे असते, जागाही मोकळी असते. पुढे बहुतेक बाळे आपणहून फिरतात आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी राहतात. म्हणून सातव्या महिन्यातील अहवालावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. छत्तिसाव्या आठवड्यानंतरही बाळ तसेच असेल, तर विचार सुरू करावा लागतो. जुळी गर्भधारणा, गर्भजल फार जास्त किंवा फार कमी असणे, वार खाली असणे, गर्भाशयात गाठ असणे किंवा त्याची रचना वेगळी असणे, अशी काही कारणे असू शकतात. पुष्कळदा कोणतेच कारण सापडत नाही. आईच्या उठण्या-बसण्याने किंवा खाण्यापिण्याने बाळ पायाळू होत नाही. घरात सुनेला दोष दिला जातो म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे.

धोका कोठे आहे, हे समजले की पुढचे समजणे सोपे जाते. बाळाच्या शरीराचा सर्वांत मोठा आणि कठीण भाग म्हणजे डोके. एरवी ते आधी येते, तासन्‌तास कळा सोसून आईच्या कटिभागाशी जुळवून घेते, आणि ते बाहेर आले की उरलेले शरीर सहज येते. पायाळू जन्मात हा क्रम उलटा होतो. शरीर बाहेर आलेले असते, नाळ दाबली जात असते, आणि डोक्याला जुळवून घ्यायला अवधी मिळत नाही. पाय प्रथम येत असतील, तर पाणमोट फुटताच नाळ निसटून खाली येण्याचा धोकाही वाढतो. याउलट दोन्ही पाय सरळ वर दुमडलेले आणि कुल्ले खाली, ही सर्वाधिक आढळणारी स्थिती त्यातल्या त्यात अनुकूल असते.

पहिला पर्याय बाळ बाहेरून फिरवण्याचा. पहिलटकरणीच्या बाबतीत छत्तिसाव्या आणि आधी प्रसूत झालेल्या स्त्रीच्या बाबतीत सदतिसाव्या आठवड्यापासून हा प्रयत्न करता येतो. गर्भाशय सैल पडण्याचे इंजेक्शन देऊन, पोटावर दोन्ही हात ठेवून, डॉक्टर बाळाचे कुल्ले कटिभागातून वर उचलतात आणि त्याला हळूहळू कोलांटी घ्यायला लावतात. काम काही मिनिटांचेच असते. दुखू लागले तर थांबतात. आधी व नंतर बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन देतात. साधारण निम्म्या स्त्रियांत यश येते. आधीची प्रसूती झालेली असल्यास शक्यता अधिक. एकदा फिरलेले बाळ परत उलटे होण्याचे प्रमाण शंभरात पाचाहून कमी आहे. सुमारे दोनशे स्त्रियांत एकीला मात्र त्यानंतर तातडीने सिझेरियन करावे लागते. त्यासाठीच, दिसायला साधा असलेला हा उपाय शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ सज्ज असतील तेथेच करतात. कोणावरही शस्त्रक्रिया झाली नाही त्या दिवशीही ही सज्जता राखावी लागते, हे देणगीदारांनी ध्यानी घ्यावे. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, पाणी गेले असेल किंवा जुळे असेल, तर हा प्रयत्न करीत नाहीत. घरी पोट चोळून बाळ फिरवून घेणे तर कटाक्षाने टाळावे. वार सुटून आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येऊ शकतो.

बाळ फिरले नाही, तर खरी तुलना सुरू होते. सन २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २६ देशांतील २,०८८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियोजित सिझेरियनच्या गटात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण १.६ टक्के, तर नियोजित नैसर्गिक प्रसूतीच्या गटात ५ टक्के आढळले. जगभरच्या रुग्णालयांनी आपली पद्धत बदलली. पुढे २००४ मध्ये, त्यांतील काही मुले दोन वर्षांची झाल्यावर केलेल्या पाहणीत मृत्यू व विकासातील मागासलेपण यांबाबत दोन गटांत फरक दिसला नाही. २००६ मध्ये फ्रान्स व बेल्जियममधील आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीतही, निवड काटेकोर आणि हात अनुभवी असतील तर दोन्ही मार्गांत मोठा फरक आढळला नाही. पण दरम्यान बदललेली पद्धत रूढ झाली होती, आणि पायाळू प्रसूती हाताळणारे हात कमी होत गेले होते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी हानी हीच.

ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१७ च्या मार्गदर्शनात दिलेले आकडे कुटुंबांना समजावण्यास उपयोगी पडतात. एकोणचाळिसाव्या आठवड्यानंतरच्या नियोजित सिझेरियनमध्ये बाळ दगावण्याचे प्रमाण दर दोन हजारांत एक, डोक्याकडून होणाऱ्या नियोजित नैसर्गिक प्रसूतीत दोन हजारांत सुमारे दोन, आणि पायाळूच्या नियोजित नैसर्गिक प्रसूतीत दोन हजारांत सुमारे चार. तिकडच्या सोयींमधले हे आकडे आहेत. बाळासाठी सिझेरियन अधिक सुरक्षित, यात शंका नाही.

आईची बाजू मात्र या आकड्यांत येत नाही. सिझेरियननंतर जखम, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा धोका असतो, आणि गर्भाशयावर कायमचा व्रण राहतो. पुढच्या खेपेस वार त्या व्रणावर रुजू शकते. कळांमध्ये व्रण उसवण्याचा संभव दोनशेत एक इतका असतो. शहरात राहणारी आणि एकच मूल हवे असलेली स्त्री, आणि पुढची बाळंतपणे शस्त्रक्रियागृहापासून दूर करण्याची वेळ येऊ शकणारी स्त्री, या दोघींसाठी एकाच शस्त्रक्रियेचा अर्थ वेगळा होतो. म्हणून पुढे किती मुलांचा विचार आहे आणि बाळंतपण कोठे होणार, हे आम्ही विचारतो. तो चौकसपणा समजू नये.

नैसर्गिक प्रसूतीचा विचार करायचा, तर बाळाचे वजन साधारण अडीच ते पावणेचार किलो, मान पुढे झुकलेली, पाय प्रथम येत नसलेले आणि आधी सिझेरियन झालेले नसावे. कळा नीट पुढे सरकल्या नाहीत तर शस्त्रक्रिया करावी लागेल, याची तयारी हवीच. असे नियोजन केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना शेवटी सिझेरियन लागते. आणि अनुभवी डॉक्टर त्या वेळी उपस्थित नसतील, तर तो मार्ग सुचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कधी कधी निवडीला वेळच उरत नाही. एखादी स्त्री बाळाचे कुल्ले दिसू लागल्यावरच दारात पोहोचते. तेव्हा शस्त्रक्रियागृहाकडे धावण्यापेक्षा तेथेच प्रसूती करणे बरेचदा हितावह असते, आणि पहिला नियम असतो बाळाला न ओढण्याचा. ओढले की हात वर जातात, मान मागे झुकते आणि डोके अडकते. म्हणूनच परिचारिका व निवासी डॉक्टरांनी प्रतिकृतीवर हा सराव वारंवार करणे आवश्यक असते.

प्रसूती कोणत्याही मार्गाने होवो, छत्तिसाव्या आठवड्यानंतर पायाळू राहिलेल्या बाळाच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा संभव अधिक असतो. जन्मानंतरच्या तपासणीत सारे ठीक दिसले, तरी सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी. दीड महिन्याच्या लसींची वेळही तीच असते. त्या वेळी बाळाची फाइल आणि गरोदरपणातील सोनोग्राफीचे कागद बरोबर आणावेत.