गुप्त किल्लीचा चौकोन

भोपाळपासून सुमारे ३० किलोमीटरांवर असलेल्या भोजपूरच्या अपूर्ण शिवमंदिराजवळ खडकांवर मंदिराच्या भागांच्या रेखाकृती कोरलेल्या आहेत. रचनेचा विचार रेषांतून करण्याची ही रीत गणितातही आहे. सॅम्युएल आयलेनबर्ग व सॉन्डर्स मॅक लेन यांनी १९४५ साली मांडलेल्या कॅटेगरी थिअरीत, म्हणजे प्रवर्ग-सिद्धांतात, वस्तू आतून कशी आहे यापेक्षा वस्तूंना जोडणारे बाण कसे जुळतात, हे पाहिले जाते. गूढलेखनास हा विचार कसा लागू पडतो, ते पाहू.

भोपाळ व नागपूर येथील दोन कार्यालयांस प्रत्यक्ष भेटीवाचून एक गुप्त किल्ली ठरवावयाची आहे. वाटेतील प्रत्येक निरोप तिऱ्हाईत वाचू शकतो, असे समजू. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. ३ ही संख्या व १७ हा भाजक उघड असू द्यावा. भोपाळने ५ हा घातांक गुप्त ठेवावा, नागपूरने ७. ३ चा पाचवा घात २४३; त्यास १७ ने भागता बाकी ५. सातवा घात २,१८७, बाकी ११. या बाक्या परस्परांस कळवाव्यात. मग भोपाळने ११ चा पाचवा व नागपूरने ५ चा सातवा घात घेऊन पुन्हा १७ ने भागावे. दोघांसही १० हीच बाकी मिळते. ती किल्ली होय.

आता चौकोन काढावा. वर डावीकडे ३, उजवीकडे ५; खाली डावीकडे ११, उजवीकडे १०. आडवे बाण पाचव्या घाताचे, उभे सातव्या. कोणत्याही वाटेने जा, शेवट १० वरच होतो. अशा आकृतीस क्रमनिरपेक्ष म्हणतात.

मात्र येथे एकमत सिद्ध झाले, गुप्तता नव्हे. गुप्तता न काढलेल्या बाणात आहे: बाकीवरून घातांकाकडे परतण्याची वाट. १७ साठी सोळा घात पडताळले की ती सापडते. शेकडो अंकी सुयोग्य मूळ संख्येसाठी आजच्या संगणकांस ती व्यवहारतः बंद आहे.

दुसरा धोका अधिक कपटी. तिऱ्हाइताने मध्ये बसून २ हा घातांक घेतला व दोघांस ९ ही बाकी धाडली, तर भोपाळची किल्ली ८ होते, नागपूरची २. आणि त्या दोन्ही त्याला ठाऊक असतात. एका चौकोनाचे दोन झाले, तरी दोन्ही क्रमनिरपेक्षच! म्हणून निरोप कोणाचा, याची खूण निराळी लागते. बँकेच्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ब्राउझर तपासतो, ते यासाठीच.

ॲन ब्रॉडबेंट व मार्टी कार्वोनेन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रवर्ग-सिद्धांताची अशीच मांडणी केली आहे. तीत शत्रूची कृतीही आकृतीचाच भाग असते.