विद्यापीठीय बास्केटबॉल : हौशी खेळाचे अर्थशास्त्र

एखाद्या उद्योगातून दरवर्षी कोट्यवधी डॉलरचे उत्पन्न मिळावे, प्रशिक्षक, प्रशासक व दूरचित्रवाणी कंपन्या यांना त्यात भरघोस वाटा असावा आणि ज्यांच्या श्रमातून हे उत्पन्न निर्माण होते त्यांना मात्र वेतन घेण्यास नियमानेच मनाई असावी, अशी स्थिती अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलमध्ये अनेक दशके होती. श्रमबाजार, मक्तेदारी आणि स्पर्धा कायदा हे तिन्ही घटक एकाच उदाहरणातून समजून घेण्यासाठी हा विषय उपयुक्त आहे. भारतात विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचा विस्तार होत असल्याने त्याला धोरणात्मक महत्त्वही आहे.

स्पर्धेची रचना

बास्केटबॉलचा जन्मच एका शिक्षणसंस्थेत झाला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून हा खेळ तयार केला. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना १९०६ मध्ये स्थापन झाली व १९१० पासून ती 'एनसीएए' या नावाने ओळखली जाते. तिची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९३९ मध्ये अवघ्या ८ संघांत झाली. संघांची संख्या १९८५ मध्ये ६४ व २०११ मध्ये ६८ झाली.

या पद्धतीचे दोन टप्पे आहेत. नोव्हेंबरपासून विद्यापीठे आपापल्या गटांत साखळी सामने खेळतात. त्यानंतर मार्च महिन्यात निवडक ६८ संघांची बाद फेरी सुरू होते. तीन आठवड्यांच्या या बाद फेरीचे प्रक्षेपण हक्क हाच एनसीएएच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत होय. २०१० मध्ये हे हक्क १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले. २०१६ मध्ये ८८० कोटी डॉलरची भर घालून कराराची मुदत २०३२ पर्यंत वाढविण्यात आली.

'विद्यार्थी-खेळाडू' ही संज्ञा

या उत्पन्नात खेळाडूला वाटा का मिळत नव्हता, याचे उत्तर एका संज्ञेत आहे. खेळाडू हा विद्यापीठाचा कर्मचारी ठरला, तर दुखापतीबद्दल कामगार भरपाई द्यावी लागेल, ही विद्यापीठांची १९५० च्या दशकातील चिंता होती. त्यातून 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्दप्रयोग रूढ करण्यात आला. संघटनेचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हे मान्य केले आहे.

या संज्ञेमागचा प्रश्न किती गंभीर होता, हे एका खटल्यावरून स्पष्ट होते. कोलोरॅडो राज्यात १९५५ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉल सामन्यातील दुखापतीने एका खेळाडूचा मृत्यू झाला. महाविद्यालय फुटबॉलचा व्यवसाय करीत नाही, या कारणास्तव त्याच्या पत्नीचा भरपाईचा दावा १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

एकक्रेताधिकाराचे स्वरूप

बाजारात विक्रेता एकच असेल तर त्यास मक्तेदारी म्हणतात. ग्राहक एकच असेल तर त्यास एकक्रेताधिकार म्हणतात. श्रमबाजारात एकक्रेताधिकार असल्यास मजुरीचा दर श्रमिकाच्या सीमांत प्राप्तीपेक्षा, म्हणजे त्याच्यामुळे वाढणाऱ्या उत्पन्नापेक्षा, कमी ठेवता येतो.

येथे खेळाडूंची सेवा घेणारी विद्यापीठे शेकडो होती. परंतु मोबदल्याची कमाल मर्यादा सर्वांनी मिळून ठरविल्यामुळे ती एकाच ग्राहकाप्रमाणे वागत. अशा संगनमतास 'कार्टेल' म्हणतात. शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षणशुल्क, निवास, भोजन व पुस्तके, यापलीकडे काही देता येत नसे. पर्यायही मर्यादित होता. व्यावसायिक लीग 'एनबीए'ने २००५ च्या करारात किमान वय १९ वर्षे केल्याने शालेय शिक्षण संपताच तेथे प्रवेश मिळणे अमेरिकन खेळाडूंना अशक्य झाले.

खेळाडूंना न दिलेला पैसा नाहीसा झाला नाही. तो प्रशिक्षकांच्या वेतनात व क्रीडासंकुलांच्या उभारणीत गेला. त्याचबरोबर जलतरण, कुस्ती यांसारख्या उत्पन्न न देणाऱ्या खेळांचा खर्चही त्यातून भागविला गेला. एनसीएएच्या समर्थकांचा युक्तिवाद याच 'क्रॉस सबसिडी'वर आधारलेला होता. हा युक्तिवाद निराधार नाही. मात्र या अनुदानाचा भार कोणी उचलावा, हे ठरविताना ज्यांनी तो उचलला त्यांना मत नव्हते.

न्यायालयांची भूमिका

१९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील एनसीएएचे सामूहिक नियंत्रण स्पर्धाविरोधी ठरविले. त्यामुळे विद्यापीठे व त्यांचे गट यांना प्रक्षेपण हक्क स्वतंत्रपणे विकता येऊ लागले. खेळाडूंवरील निर्बंध मात्र कायम राहिले.

१९९५ च्या विजेत्या संघातील खेळाडू एड ओबॅनन यांनी २००९ मध्ये दावा दाखल केला. व्हिडिओ गेममध्ये आपली प्रतिमा वापरली जाते, पण मोबदला मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. २०१४ मध्ये निकाल मुख्यतः त्यांच्या बाजूने लागला. पुढे ॲल्स्टन खटल्यात २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ९-० अशा एकमताने शिक्षणविषयक लाभांवरील मर्यादा बेकायदा ठरविल्या. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांपासून उत्पन्न मिळविण्याची मुभा मिळाली.

६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या 'हाउस' तडजोडीनुसार माजी व विद्यमान खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यावयाचे ठरले. तसेच २०२५-२६ मध्ये प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंमध्ये थेट सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम वाटण्याची परवानगी मिळाली. येथे एक बाब लक्षात घ्यावी : ही रक्कम सक्तीची नसून तीही एक कमाल मर्यादाच आहे.

महिला बास्केटबॉल

१९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास बंदी केली. एनसीएएची महिलांची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली, पण विषमता टिकून राहिली. २०२१ मध्ये महिला संघांना दिलेली तुटपुंजी व्यायामसाधने एका खेळाडूने चित्रफितीद्वारे उघड केली. २०२४ मध्ये महिलांचा अंतिम सामना सुमारे १.८९ कोटी प्रेक्षकांनी पाहिला, तर पुरुषांचा सुमारे १.४८ कोटी. तरीही स्पर्धेतील कामगिरीवर आधारित निधी महिला संघांच्या गटांना २०२५ पासूनच मिळू लागला. बाजारमूल्य अनेकदा आधीच्या गुंतवणुकीने घडते, हे यावरून दिसते.

भारतीय संदर्भ

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा विषय राज्यसूचीत, तर शिक्षण हा १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे आयोजन भारतीय विद्यापीठ संघ करतो. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला सध्याचे नाव १९७३ मध्ये मिळाले. 'खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा' फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वर येथे प्रथम झाल्या व त्यांत बास्केटबॉलचा समावेश होता.

भारतातील प्रश्न अमेरिकेच्या उलट आहे. येथे वाटून घेण्याजोगे प्रक्षेपण उत्पन्न अत्यल्प असून खर्चाचा भार प्रामुख्याने सार्वजनिक निधीवर आहे. विभागीय व अखिल भारतीय फेऱ्या काही दिवसांत आटोपतात. मैदान व प्रशिक्षक यांवरील स्थिर खर्च मात्र वर्षभर चालू असतो. साखळी पद्धतीची लीग झाल्यास हाच खर्च अधिक सामन्यांवर विभागला जाऊन प्रति सामना खर्च घटेल. प्रवास व निवास यांवरील बदलता खर्च वाढेल, हेही तितकेच खरे. म्हणून प्रारंभी जवळच्या विद्यापीठांचे प्रादेशिक गट करणे व्यवहार्य ठरेल.

अशी लीग लोकप्रिय झाल्यास उत्पन्नाच्या वाटपाचा प्रश्न येणारच. स्पर्धा कायदा, २००२ मधील कलम ३ संगनमतास व कलम ४ प्रबळ स्थानाच्या गैरवापरास प्रतिबंध करते. आर्थिक व्यवहार करणारी क्रीडा संघटनाही या कायद्याच्या कक्षेत येते, अशी भूमिका भारतीय स्पर्धा आयोगाने क्रिकेट नियामक मंडळाच्या प्रकरणात २०१३ मध्ये घेतली होती.

समारोप

विद्यापीठात खेळणाऱ्यांपैकी फारच थोडे व्यावसायिक खेळाडू होतात. इतरांसाठी पदवी हेच खरे वेतन असते. सामने व सराव यांमुळे ती पदवीच अपुरी राहिली, तर खेळाडूने मोजलेला संधी खर्च भरून निघत नाही. म्हणून दुखापतीचा विमा, शिक्षण पूर्ण करण्याची हमी आणि उत्पन्नातील ठरलेला वाटा या तीन गोष्टी लीगच्या नियमावलीत पहिल्या दिवसापासून असाव्यात. अमेरिकेत त्या न्यायालयाच्या दारातून आणि फार उशिरा आल्या. तोवर खेळाडूंच्या अनेक पिढ्या मैदान सोडून गेल्या होत्या.