गुडमार, गुग्गुळ आणि आजोबांच्या गोळ्या

आमच्या शाळेच्या औषधी बागेत गुडमारचा एक वेल आहे. मराठीत त्याला बेडकीचा पाला असेही म्हणतात. त्याची दोन पाने नीट चावा आणि मग चिमूटभर साखर तोंडात टाका, वाळू खाल्ल्यासारखे वाटते. पानांतली जिम्नेमिक आम्ले जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना काही वेळ अडवून धरतात. मीठ मात्र खारटच लागते. (आमच्या हाउसमधल्या एकाने हा प्रयोग नेमका मेसमध्ये गुलाबजाम होते त्या दिवशी केला!)

पण जिभेला साखर कळली नाही, म्हणून रक्तातली साखर कमी होत नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माझ्या आजोबांना मधुमेह आहे आणि कोलेस्टेरॉलही जास्त आहे. कोणीतरी त्यांना "शुगरचा अर्क" म्हणून एक बाटली दिली. त्यात कोणती वनस्पती किती आहे, हे बाटलीवर लिहिलेलेच नाही. सुट्टीत त्यांनी मला विचारले, "आता गोळ्या बंद करू का रे?"

याचे उत्तर शोधताना मला गुग्गुळाची हकिकत सापडली. गुग्गुळ म्हणजे राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा डिंक. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. १९६६ च्या त्यांच्या प्रबंधात गुग्गुळाने सशांचे कोलेस्टेरॉल उतरल्याचे दिसले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्याच्या अर्कापासून औषध तयार झाले. मग २००३ मध्ये अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवडे चाचणी झाली. काहींना अर्क दिला, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. अर्क घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल सुमारे चार-पाच टक्के वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. म्हणजे ससा हा ससा आणि माणूस तो माणूस.

गंमत म्हणजे आजोबांची मेटफॉर्मिनची गोळीही एका वनस्पतीची दूरची नातेवाईक आहे. युरोपातल्या गॅलेगा या झुडपात साखर उतरवणारे गॅलेगीन असते, पण ते विषारी आहे. त्याच्यासारखीच रचना असलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनले आणि १९५७ मध्ये फ्रान्सचे डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष छापले. गोळीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलेले असते, तेवढेच तिच्यात असते. बाटलीतल्या अर्काचे तसे नाही. शिवाय इन्सुलिन किंवा काही गोळ्यांच्या जोडीला असा अर्क घेतला, तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते.

मी आजोबांना गोळ्या चालू ठेवायला सांगितले आणि बाटली डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती बंद करायला लावली. कोलेस्टेरॉलसाठी रोज थोडे इसबगोल मात्र चालेल म्हणाले. त्याचा बुळबुळीत तंतू आतड्यात पित्ताम्ल धरून बाहेर नेतो, मग नवे पित्त बनवायला यकृत रक्तातलेच कोलेस्टेरॉल वापरते. फक्त ते भरपूर पाण्याबरोबर आणि गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास लांब घ्यायचे.